तीन मीटरवरची फुसाए

ओगुची आजोबा आले तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. ते वाकून आत आले. हातात तांदळाच्या पापडांचे पत्र्याचे दोन डबे, एकावर एक, वरून दोरीने बांधलेले. तळ्याकडून असा वारा येत होता की नाकाचा शेंडा अजून जागेवर आहे ना, हे मधूनमधून चाचपून बघावं लागत होतं. त्या डब्यांत निगेटिव्ह असतात हे मला ठाऊक होतं, आणि ते डबे घराबाहेर कधी पडत नाहीत हेही. म्हणून सवयीने म्हणालो, "काय आजोबा, आजीने अखेर सामानासकट बाहेर काढलं वाटतं?"

"ती काल सकाळी गेली," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात. भात लावून."

मामा आतून चहाची किटली घेऊन येत होता, तो तिथेच थांबला. दुकान मामाचं. मी शाळा संपवून इथेच चिकटलेला भाचा. आजोबांनी आम्हा दोघांना काही बोलू दिलं नाही. डबे काउंटरवर ठेवले, दोरीची गाठ सोडली आणि एखादं काम सांगावं तसं सांगितलं. उद्या संध्याकाळी लोक निरोपाला येणार. अंत्यविधीवाल्याला उद्या दुपारपर्यंत फोटो हवा. समोर बघणारा, चेहरा स्वच्छ, ओठ मिटलेले असले तरी चालतील.

आमच्याकडे माणूस गेलं की फुलांच्या मधोमध त्याची तसबीर लागते. लोक येतात ते तसबिरीपुढे वाकतात, उदबत्ती लावतात, जे काय बोलायचं ते तिच्याशी बोलतात. तीच पुढे घरात राहते. तसबीर नसली तर वाकायचं कोणापुढे?

"एकच चेहरा हवाय," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं रोज काढतोय. यात असेलच."

"असेलच," मामा म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. या माणसाच्या फिल्म दुकानात धुतल्या जातात त्या मामाच्या हातून. डब्यांत काय आहे ते मामाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या ओकाया गावात पूर्वी रेशीम निघे, मग लेन्स निघू लागल्या. आता दोन्ही निघत नाहीत, नुसते त्यांच्या आठवणी सांगणारे म्हातारे निघतात. ओगुची आजोबा त्यांतले नव्हते. ते मुळात बोलतच कमी. तळ्याकाठच्या कारखान्यात ते तयार लेन्स तपासायच्या टेबलावर होते. समोर भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता, टेबलापासून बरोबर तीन मीटरवर. लेन्स लावायची, कडं तीनच्या आकड्यावर आणायचं, तक्त्याच्या रेघा सुट्या दिसल्या तर पास. सकाळपासून भोंगा होईपर्यंत हेच. निवृत्त झाले तेव्हा फुसाए आजी म्हणाली होती म्हणे, की यांना तीन मीटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं जग अजून दाखवलेलं नाही, जरा हळूहळू दाखवायला हवं.

पण लेन्स घेतली ती त्याआधी कितीतरी वर्षं, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात, बोनसमधून. तेव्हा दुकानात मामाचे वडील बसत. ही गोष्ट मामा इतक्या वेळा सांगतो की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. नवरा-बायको दोघं आली. कॅमेरा ठरलेला होता, प्रश्न लेन्सचा होता, आणि घेता येणार होती एकच. मामाच्या वडिलांनी तीन पुढे ठेवल्या: पस्तीस मिलिमीटरची, पन्नासची आणि नव्वदची; आकडा मोठा तसं माणूस जवळ दिसतं, पण चौकटीत कमी मावतं. फुसाए आजी तेव्हा नवी नवरी, तरी तिने हात पुढे करून सगळ्यांत लांब होती ती उचलली. कॅमेऱ्याला लावून तिने रस्त्यापलीकडच्या माशांच्या दुकानातली बाई बघितली आणि म्हणाली, "ही घेऊ या. हिच्यातून माणूस जवळ येतं."

त्या काळात दुकानदार ओळखीवर तिन्ही लेन्स एका रात्रीपुरत्या घरी देत. ओगुचींनी घरी नेऊन लावून बघितल्या. घर कसलं, चटयांची एक खोली, तिच्यात खाली शेगडी लावलेलं बुटकं टेबल, पलीकडे स्वयंपाकघर. नव्वदच्या लेन्समधून त्यांना बायकोचा एक कान मिळाला. पन्नासने सगळं घ्यायचं तर अंगणात बर्फात उभं राहावं लागे. पस्तीसमध्ये मात्र सगळं बसलं: टेबल, किटली, खिडकी, खिडकीबाहेर वाळत घातलेली परसिमनची फळं, आणि बायको. सकाळी पस्तीस ठेवून घेतली, बाकीच्या परत केल्या.

कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. रोजचा फोटो काढायचा तर त्यात रोजचं सगळं यायला हवं. चेहऱ्यात काय आहे, दोन डोळे नि एक नाक, सगळ्यांना तेवढंच.

आणि खरं सांगायचं तर ते चूक नव्हते. मी गिऱ्हाइकांना तेच सांगतो, फक्त माझं म्हणून सांगतो. झूम लेन्स घेतली की डोळा आळशी होतो, उभ्या जागेवरून सगळं ओढत बसतो. एकच लेन्स घ्या, जिचा आकडा बदलत नाही अशी, आणि वर्षभर तीच वापरा. मग कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळतं काय मावेल आणि काय नाही. जवळचं हवं तर पायांनी जवळ जायचं. इतकं सोपं आहे.

ओगुची आजोबांनी ते याहूनही सोपं केलं. त्यांच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक फिका चौकोन असतो. लेन्सचं कडं फिरवून अंतर जुळवायचं, जुळलं नाही तर त्या चौकोनात माणूस दुहेरी दिसतं, जुळलं की एक होतं. आजोबांना त्यात वेळ घालवणं पटेना. मांजर उडी मारतं तेव्हा ते तुमचं अंतर जुळायची वाट बघत नाही. म्हणून त्यांनी कडं तीनवर आणलं, वरून काळी टेप गुंडाळली, आणि मोकळे झाले. तीन मीटरच्या आसपास जे काही घडेल ते स्वच्छ येणार. आलंही. शेजारच्या पोराचा सायकलवरून पडतानाचा फोटो, बर्फ काढता काढता भांडणाऱ्या दोन विहिणी, तळ्यावर गोठलेल्या बर्फाला पडलेली भेग बघायला जमलेले लोक. गावच्या सभागृहात दरवर्षी त्यांचे फोटो लागत आणि लोक स्वतःला त्यात शोधत. टेप जुनी झाली की नवी गुंडाळत, कडं न हलवता.

आता, तीन मीटरच्या अलीकडे या जगात फक्त एकच माणूस येत असे.

ती चहा घेऊन येई, बटण तुटलंय म्हणत येई, अंगावरचा दोरा काढायला येई. कॅमेरा डोळ्याला असला की आजोबा म्हणत, "मागे सर." आजी म्हणे, "आणखी मागे सरले तर तळ्यात पडेन." हे मी स्वतः ऐकलंय, दुकानासमोर, सणाच्या मिरवणुकीच्या वेळी. ती एक पाऊल मागे सरली, दुसरं सरली, मग गर्दीत मिसळली आणि फोटोत लोकांच्या डोक्यांमधलं एक डोकं होऊन गेली. फिल्म द्यायला बरेचदा तीच येई. हनुवटीवर एक तीळ होता, विचार करताना तो बोटाने घासायची सवय. मला एकदा म्हणाली, "मी यांच्या फोटोत सूपमधल्या मिठासारखी आहे रे. नसले तर लगेच कळेल, पण असताना कोणाला दाखवता येणार नाही." मी म्हणालो, आजी, त्यांना सांगा ना एक जवळून काढायला. तर म्हणाली, "त्यांना जवळ यायचं म्हणजे टेप काढावी लागेल. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर टेप कोण काढतंय."

त्या सकाळी आम्ही काचेखालचा दिवा लावला आणि डबे उपसले.

सुरुवातीला बरं चाललं होतं. आजोबा एकेक पट्टी काचेवर ठेवत, मी भिंग लावून बघत असे, मामा मागून वाकून. ती सगळीकडे होती. अंगणात पाठमोरी, मुळे धुताना. टेबलापाशी, पण खाली मान घालून फळ सोलताना. दाराच्या चौकटीत अर्धी. रस्त्याच्या टोकाला, छत्रीखाली. आणि मग ती जवळची: फोटोच्या कडेला एक मोठा पांढुरका ढग, त्याला हात असल्यासारखं काहीतरी, हातात कप असल्यासारखं काहीतरी. मागे तीन मीटरवर कपाटाच्या दाराची मूठ इतकी लखलखीत की तिच्यावर खोलीची खिडकी दिसावी.

"हा तिचा कप," आजोबा सांगत. "ही बाही तिचीच. निळा स्वेटर होता." त्यांना ढगांतली प्रत्येक ती ओळखू येत होती. आम्ही मान हलवत होतो.

दुपारपर्यंत आम्हाला समोर बघणारी एक सापडली. सहलीच्या बसपाशी, बायकांच्या रांगेत, स्वच्छ, हसरी. मामाने मोठी करायला लावली. निगेटिव्हवर तिचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं. कागदावर चेहरा आला तो उकडून फुटलेल्या भातासारखा, दाणे दाणे सुटे, डोळ्यांच्या जागी जरा काळे. मामाने कागद हायपोच्या द्रावणातून उचलला आणि आजोबांना न दाखवता पुन्हा खाली बुडवला.

"लग्नातला?" मी विचारलं.

"तेव्हा ती वीस वर्षांची होती," आजोबा म्हणाले. "उद्या येतील त्यांतलं कोण ओळखेल? मीसुद्धा..."

दुसऱ्या कोणी काढलेला फोटो विचारून बघितला. ज्या घरात रोज फोटो काढणारा माणूस असतो, त्या घरातल्या बाईचा फोटो बाहेरचा कोणी का काढेल? मूल नव्हतं, त्यामुळे शाळेचे, लग्नाचे समारंभ नव्हते. शेजारणीला फोन केला, ती म्हणाली, अहो, आम्ही तर सगळे तुमच्याच फोटोंत आहोत. तिने चांगल्या मनाने म्हटलं. आजोबांनी फोन नीट जागेवर ठेवला.

दुसरा डबाही संपत आला तेव्हा ते एकदम उभे राहिले. "कॅमेऱ्यात आहे," म्हणाले.

कॅमेऱ्यात अर्धी फिल्म होती, नव्या वर्षाच्या सुट्टीतली. आणि त्यांना आता आठवलं होतं. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी फुसाए आजी केस करून आली, ठेवणीतला गडद स्वेटर घातला, त्यावर शोभेची पिन लावली, आणि टेबलापाशी यांच्यासमोर येऊन गुडघ्यावर बसली. म्हणाली, माझी तसबीर काढून ठेवा. आमच्याकडे शहाणी माणसं हे जिवंतपणीच उरकून घेतात, त्यात अभद्र कोणी मानत नाही. आजोबांनी मात्र मानलं. काही काय बोलतेस, म्हणाले. ती म्हणाली, ऐनवेळी तुम्हाला सापडायची नाही, मी तुम्हाला ओळखते.

"मग काढला?" मामाने विचारलं.

"काढला."

मी धावत त्यांच्या घरी गेलो आणि कॅमेरा घेऊन आलो. घरात पडद्यामागे ती झोपवलेली होती, चेहऱ्यावर पांढरा कपडा. मी वाकलो, कॅमेरा उचलला आणि निघालो. तो कपडा बाजूला करून बघावं असं माझ्या मनात आलं नाही. आता येतं.

मामाने फिल्म स्वतः धुतली. एरवी तो या वेळी गाणी गुणगुणतो. आजोबा अंधारखोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसून होते, टोपी मांडीवर. मला पहिल्यांदा त्यांच्यात आनंदासारखं काहीतरी दिसलं. ते म्हणाले, "केस छान केले होते तिने. मी बोललो नव्हतो तिला, पण छान होते."

मामा ओली फिल्म चिमट्याने धरून बाहेर आला आणि दिव्यासमोर उंच धरली. शेवटच्या चौकटीत ती होती. फोटोभर ती. खांदे, मान, केस, सगळं मधोमध, चेहरा थेट आमच्याकडे. निगेटिव्हमध्ये पांढरं काळं नि काळं पांढरं असतं, त्यामुळे क्षणभर कळत नाही. मामाला कळलं होतं. तो म्हणाला, "हारुओ, भिंग दे त्यांना."

तिच्या मागे भिंतीवर शेतकरी सोसायटीचं कॅलेंडर होतं. त्यावरचे सणवार वाचता येत होते. खिळा दिसत होता. खिळ्याची सावली दिसत होती. ती एक मीटरसुद्धा लांब नव्हती, आणि कडं तीनवर होतं, टेपखाली. हिवाळ्यातला घरातला उजेड, त्यामुळे लेन्सचं तोंड पूर्ण उघडलेलं, आणि तेव्हा लेन्स अंतरातली चूक जराही माफ करत नाही. चेहऱ्याच्या जागी धुक्यात लावलेला दिवा.

आजोबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"मागे सर म्हटलं मी तिला," ते म्हणाले. "तर म्हणाली, आज मी नाही सरणार, तुम्ही सरा. पण माझ्याच पाठीला कपाट होतं."

मामा म्हणाला, "खिडकीतून दिसलं नाही का, ओगुचीसान? चौकोनात?"

"दिसलं की. दोन दिसत होत्या." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हटलं, दोन आहेत, त्यांतली एक तरी येईल."

ते हसतील असं वाटून मी जरासा हसलो. ते हसले नव्हते.

अंत्यविधीवाल्याने अडचण चुटकीसरशी सोडवली. त्याचं रोजचंच काम. आजीच्या पाकिटात गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानघराचं कार्ड सापडलं, म्हाताऱ्यांना सवलत देतात ते. त्यावर बोटाच्या पेराएवढा फोटो, सुपरमार्केटच्या दारातल्या यंत्रात बसून काढलेला. यंत्राने चेहरा कसा नेमका पकडला होता. यंत्राला टेप नव्हती. फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर स्नानघराचा लाल शिक्का, हनुवटीवर आलेला. विधीवाल्याने नवीन संगणक घेतला होता. त्याने शिक्का पुसला, हनुवटी नवी बसवली, आणि स्नानाला निघालेल्या बाईच्या अंगावर फिकट जांभळा किमोनो चढवला. तसला किमोनो आजीकडे कधीच नव्हता. यंत्राच्या दिव्याने दचकलेले डोळे मात्र तसेच ठेवले. त्याचं त्याच्याकडे काही औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी आळी आली. पांढऱ्या फुलांच्या मधोमध एक दचकलेली बाई बसली होती, जणू तिला कोणीतरी दुसऱ्याच्या अंत्यविधीत चुकून बसवलं असावं. लोक वाकत, उदबत्ती लावत, वर बघत, आणि पुन्हा एकदा बघत. माझ्या मागच्या दोघी कुजबुजल्या.

"फुसाएसानच ना या?"

"नाव तर तेच लिहिलंय बाहेर."

आजोबा पहिल्या रांगेत, फुलांपासून तीनएक मीटरवर. तेवढ्या अंतरावरून त्यांना सगळं स्वच्छ दिसत असणार. ते मान खाली घालून बसले होते. कार्ड तिच्या बाजूला शवपेटीत ठेवलं गेलं, तिला स्नानाची आवड होती म्हणून, आणि तिच्याबरोबर जळून गेलं.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि मग आजोबांचा दुकानात फोन आला. ती शेवटची चौकट मोठी करून द्या, म्हणाले. मामाने समजावून बघितलं. ते म्हणाले, मालक, काय येणार आहे ते मला ठाऊक आहे.

मी घेऊन गेलो. घरात ते शेगडीच्या टेबलापाशी बसले होते. देव्हाऱ्यावर जांभळ्या किमोनोतली बाई. कॅमेरा कपाटावर, लेन्सवर टेप तशीच, तिच्या कडेला धूळ चिकटलेली. सुट्टीतलं कॅलेंडर त्याच खिळ्यावर होतं, पान कोणी उलटलं नव्हतं. त्यांनी फोटो कागदातून काढला, गुडघ्यांवर ठेवला, मग लांब धरला, मग अजून लांब, हात पुरेनासा झाला तेव्हा मला म्हणाले, जरा धर आणि मागे जा. मी धरून मागे गेलो. माझ्या पाठीला भिंत लागली.

"नाही येत," ते म्हणाले.

मी फोटो खाली ठेवला. चहा त्यांनी केला नव्हता आणि मलाही करावासा वाटला नाही. मग ते बोलले, फोटोकडे न बघता, माझ्याकडेही न बघता.

"मी कधी तिच्याकडे लक्ष देऊन बघितलंच नाही रे. कॅमेऱ्यात आहे म्हटलं. नंतर बघू. आता डोळे मिटले की मला ती बसते त्या भिंतीचा खिळा दिसतो." त्यांनी बोट आपल्या हनुवटीवर नेलं, एका बाजूला टेकवलं, मग दुसऱ्या बाजूला. "तीळ होता ना तिला?"

"होता."

"कुठल्या बाजूला?"

जांभळ्या किमोनोतल्या बाईची हनुवटी साफ होती, शिक्क्याबरोबर तीळही पुसला गेला होता. मी डोळ्यांसमोर काउंटर आणला, फिल्मची डबी पुढे करणारी आजी आणली, तिचं घासणारं बोट आणलं. बोट स्पष्ट आठवत होतं. ते कुठे होतं ते आठवत नव्हतं.

"डावीकडे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बोट डावीकडे ठेवलं आणि तसंच धरून बसले. मी बूट घालून बाहेर पडलो. तळ्याच्या काठाने दुकानात पोचेपर्यंत तो तीळ मला दोनदा उजवीकडे दिसला.